आयव्हन मेजर : स्पीडवे आणि लाँगट्रॅकचा जगज्जेता

स्पीडवे ही ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींची शर्यत आहे. 500 सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन, इंधन मिथेनॉल आणि गिअर एकच. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार स्वार घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. वळण येताच मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू द्यायचे, हँडल उलट दिशेला धरायचे आणि पोलादी तळाचा डावा बूट जमिनीला टेकवून तोल सांभाळायचा. लाँगट्रॅकमध्ये हीच कसरत हजार मीटरपर्यंतच्या ट्रॅकवर चालते. हा ट्रॅक पुष्कळदा घोड्यांच्या शर्यतींचाच असतो, त्यामुळे मुंबईकर वाचकाने महालक्ष्मीचे रेसकोर्स डोळ्यांपुढे आणायला हरकत नाही. लाँगट्रॅकवर वेग बराच जास्त असतो आणि चूक महागात पडते. या दोन्ही प्रकारांत जगज्जेते झालेले स्वार मोजकेच आहेत. त्यांतला सर्वांत मोठा न्यूझीलंडचा आयव्हन मेजर.

त्याचा जन्म 4 ऑक्टोबर 1939 रोजी क्राइस्टचर्च येथे झाला. रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज हे जगज्जेते याच शहरात तयार झाले होते. मूरची दोन, ब्रिग्जची चार आणि पुढे मेजरची सहा अशी स्पीडवेची बारा जागतिक अजिंक्यपदे या एका गावाच्या वाट्याला आली.

सुरुवात मात्र अपयशाची होती. 1957 मध्ये तो पत्नी रे हिच्यासह इंग्लंडला, विम्बल्डन संघाकडे गेला. तिथे त्याचा जम बसला नाही आणि त्याला मायदेशी परतावे लागले. काही वर्षे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात घडल्यावर 1963 मध्ये तो न्यूकॅसल संघातून पुन्हा इंग्लंडमध्ये उतरला. या दुसऱ्या खेपेला तो पुरती तयारी करून आला होता. गाडीची निगा, ट्रॅकचा अभ्यास आणि सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर जाताच इतरांआधी सुटण्याची हातोटी ही त्याची शस्त्रे होती. स्पीडवेची शर्यत जेमतेम मिनिटभराची. पहिल्या वळणावर पुढे असलेल्याला गाठणे फार अवघड, म्हणून सुरुवातीवर घेतलेली ही मेहनत फळली.

जागतिक अंतिम फेरीत त्या काळी सोळा स्वार आणि वीस शर्यती असत. प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडे. पहिल्या तीन क्रमांकांना तीन, दोन, एक असे गुण मिळत. म्हणजे पाच शर्यतींत पंधरा हा कमाल आकडा. मेजर 1966 मध्ये चौथा आणि 1967 मध्ये तिसरा आला. मग गोथेनबर्ग (1968), वेम्ब्ली (1969) आणि व्रोत्सवाफ (1970) अशी सलग तीन अजिंक्यपदे त्याने जिंकली. असा पराक्रम पूर्वी कुणी केला नव्हता. दोघा अमेरिकन चाहत्यांनी त्याच्या विजयी मोटारसायकलीला सोन्याचा मुलामा चढवून घेतला.

1972 मध्ये वेम्ब्लीला बेर्न्ट पेर्सनशी बरोबरी झाल्यावर निर्णायक फेरी जिंकून त्याने चौथे पद मिळवले. पुढच्या वर्षी पोलंडमधील खोजूफला अशाच निर्णायक फेरीत तो पडला आणि यजमान देशाचा येझी श्चाकिएल विजयी झाला. हरल्यावर माघार घेणे मेजरच्या स्वभावातच नव्हते. 1977 मध्ये गोथेनबर्गच्या मुसळधार पावसात त्याने पाचवे पद जिंकले. 1979 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याच खोजूफला सहावे. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोलाचा विजय म्हणावा लागेल. त्याच वर्षी न्यूझीलंडने जागतिक सांघिक स्पर्धाही जिंकली.

लाँगट्रॅकची अधिकृत जागतिक स्पर्धा 1971 मध्ये सुरू झाली आणि ऑस्लोतील पहिलेच पद मेजरने घेतले. 1972 आणि 1976 मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला.

कारकिर्दीत बराच काळ तो जावाच्या गाड्या चालवत असे. जावाचे नाव महाराष्ट्रालाही परके नाही. मुंबईत या गाड्या आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने पुढे म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला आणि तिथलीच येझदी गावोगावी पोहोचली. शर्यतीची जावा मात्र चेकोस्लोव्हाकियातील दिविशोव्हची, म्हणजे मूळच्या एसो कारखान्याची.

त्याला 1976 मध्ये एमबीई आणि 1989 मध्ये ओबीई हे ब्रिटिश किताब मिळाले. अखेरची वर्षे त्याने ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टला काढली आणि 16 एप्रिल 2018 रोजी त्याचे निधन झाले. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने 2005 मध्ये त्याच्या सहा स्पीडवे पदांशी बरोबरी केली. पण त्यांच्या जोडीला लाँगट्रॅकची तीन पदे असलेला स्वार मेजर हा एकटाच.