मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि त्याची संमेलने

काही कामे एकांतात होतात आणि काही कामांना चार माणसे जमावी लागतात, असा आपला नेहमीचा समज आहे. ग्रंथ लिहावयाचा तो एकांतात. नाटक बसवावयाचे ते चारचौघांत. संगणकाचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम पहिल्या वर्गात मोडते, असे कोणासही वाटावे. एक माणूस, एक यंत्र, रात्रीची वेळ आणि बंद दार, हे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. त्यातही ज्यास मुक्तस्रोत म्हणतात ते सॉफ्टवेअर तर देशोदेशी विखुरलेल्या आणि एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी इंटरनेटवरून सिद्ध केलेले. अशा माणसांनी सभा भरवावयाची कशासाठी? परंतु गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर ही माणसे वारंवार, पदरमोड करून एकत्र जमत आली आहेत. या सभा कशा जन्मल्या, कशा चालल्या आणि त्यांतल्या काही का थांबल्या, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. आपण सॉफ्टवेअर विकत घेतो तेव्हा ते चालते कसे, हे आपणांस दिसत नाही. त्याचे मूळ लेखन, म्हणजेच स्रोत, मालकाजवळ राहतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे मूळ लेखन मात्र कोणीही वाचावे, बदलावे आणि दुसऱ्यास द्यावे, अशी त्यास मुभा असते. गाण्यातला दाखला घेतला तर हे चटकन ध्यानात येईल. एके काळी घरंदाज चिजा शिष्यासही सहजासहजी मिळत नसत. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी त्या खटपटीने मिळवल्या आणि स्वरलिपीसह छापून सर्वांपुढे ठेवल्या. याच भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ही गोष्ट विसरून चालणार नाही. छापणे आणि जमवणे ही दोन्ही कामे एकाच माणसास करावीशी वाटली, हा काही योगायोग नव्हे. विद्या खुली केली की ती घेणाऱ्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावीच लागते.

आता अमेरिकेकडे वळू. १९७५ सालच्या मार्च महिन्याची ५ तारीख. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या घराच्या गॅरेजात संध्याकाळी सुमारे तीस माणसे जमली. फ्रेंच आणि फ्रेड मूर या दोघांनी हे बोलावणे केले होते. निमित्त होते आल्टेअर नावाच्या, सुटे भाग घरी जोडून तयार करावयाच्या संगणकाचे. येथून होमब्रू कॉम्प्युटर क्लबाचा आरंभ झाला. त्या दिवशी आलेल्यांत स्टीव्ह वॉझ्नियाक हा तरुण होता. त्याने पुढे आपल्या यंत्राचे आराखडे याच मंडळात वाटले, आणि त्या यंत्रातूनच ॲपल कंपनी उभी राहिली.

या क्लबाची सभा चालवण्याची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गर्दी वाढल्यावर सभा स्टॅनफर्डच्या संशोधन केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या आणि ली फेल्सेन्स्टाइन हे त्या चालवू लागले. त्यांनी सभेचे दोन भाग केले. पहिल्या भागात ज्याने त्याने उभे राहून आपल्याजवळ काय आहे आणि आपणांस काय हवे आहे, एवढे थोडक्यात सांगावयाचे. दुसऱ्या भागात कार्यक्रम असा नाहीच. ज्याला ज्याच्याशी बोलावयाचे असेल त्याने त्यास गाठावे. म्हणजे व्यासपीठावरील भाषण हा सभेचा प्राण नव्हे, श्रोत्यांची आपसांतली गाठभेट हा प्राण, हे त्या मंडळींनी आरंभीच ओळखले होते.

परंतु याच क्लबाच्या इतिहासात एक कडवट प्रकरणही आहे. आल्टेअरसाठी बिल गेट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी बेसिक ही भाषा तयार केली होती आणि ती कागदी फितीवर विकली जात असे. त्या फितीच्या नकला क्लबात वाटल्या गेल्या. एक नेणाऱ्याने दोन करून आणाव्यात, असा पायंडा पडला. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या गेट्स यांनी या हौशी मंडळींना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा की, मोबदल्यावाचून असे कसबी काम कोण करील? त्या पत्राचा सूर अनेकांस झोंबला. तथापि प्रश्न खोटा नव्हता. दुसऱ्याने विकावयास काढलेली वस्तू त्याच्या संमतीवाचून वाटणे निराळे, आणि आपण स्वतः केलेली वस्तू आपखुषीने सर्वांस देणे निराळे. पुढील इतिहास हा या दुसऱ्या प्रकारचा आहे.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी, मूळ लेखनासह सर्वांस मोकळी असेल अशी संपूर्ण संगणकप्रणाली आपण लिहिणार, असे जाहीर केले. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्झ या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे कळवले. तीच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्धीस आली. १९९८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन यांनी या चळवळीस ओपन सोर्स हे नाव सुचवले. गेट्स यांनी विचारलेल्या प्रश्नास हजारो माणसांनी काम करूनच उत्तर दिले. काही नोकरी सांभाळून लिहीत, काहींना त्यांच्या कंपन्या याच कामासाठी पगार देत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही मंडळी लिहीत होती दूरस्थ. मग जमत कशासाठी होती? एक कारण अगदी साधे होते. त्या काळी लिनक्स संगणकावर बसवणे नवख्याच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा गावोगावच्या मंडळांनी मेळे भरवले. लोक आपले जडशीळ संगणक उचलून आणीत आणि जाणती माणसे ते चालू करून देत. दुसरे कारण अधिक खोल आहे. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या प्रकल्पात कोणाचेही काम स्वीकारण्यापूर्वी ते खरोखर त्याचेच आहे, अशी खात्री लागते. त्यासाठी प्रत्येकाजवळ सहीची डिजिटल किल्ली असते. पण ही किल्ली अमक्याचीच, हे ठरवावयाचे कसे? इंटरनेटवर तर कोणीही कोणाचे सोंग घेऊ शकतो. यावर उपाय एकच निघाला: समोरासमोर यावे, पासपोर्ट दाखवावा, चेहरा पडताळावा आणि मग एकाने दुसऱ्याच्या किल्लीस आपल्या सहीची साक्ष द्यावी. म्हणून ब्रुसेल्सच्या संमेलनात हातात याद्या व ओळखपत्रे घेतलेल्या माणसांच्या लांबच लांब रांगा समोरासमोर उभ्या राहत असत. दूरस्थ कामाची सारी इमारत माणसाने माणसास प्रत्यक्ष पाहण्याच्या पायावर उभी आहे, याहून निराळा पुरावा तो कोणता हवा?

संमेलनाची गरज पटली तरी ते भरवणार कोण, हा प्रश्न उरतोच. येथे दोन उदाहरणे आम्ही मुद्दाम देतो.

पहिले ऑस्ट्रेलियाचे. १९९९ साली रस्टी रसेल या प्रोग्रामरने मेलबर्न येथे लिनक्सवाल्यांचे पहिले मोठे संमेलन भरवले आणि त्याचा खर्च आपल्या क्रेडिट कार्डांवर उचलला. अंदाज चुकला असता तर कर्ज त्याच्याच डोक्यावर बसले असते. पुढे २००१ साली सिडनीस, मग ब्रिस्बेनला, पर्थला, आणि २००६ साली न्यूझीलंडमधील डनीडिन येथे, असे हे संमेलन गावोगाव फिरत राहिले. दर खेपेस गाव नवे आणि कार्यकर्तेही नवे. त्यांनी आपण होऊन आमंत्रण द्यावयाचे. आपल्याकडे साहित्य संमेलनाचे यजमानपद असेच फिरते, हे श्रोत्यांस ठाऊकच आहे. परंतु तेथे आणखी एक सोय होती. आधीच्या संमेलनांचे कार्यकर्ते नव्या कार्यकर्त्यांची भेट घेऊन आपले अनुभव सांगत, आणि या जुन्या मंडळींस थट्टेने भुते म्हणत. या भुतांनी झपाटलेले बरे! कारण पाण्याची सोय, नोंदणीची रांग, ऐनवेळी न आलेला वक्ता यांबद्दलचे शहाणपण कोठल्याच पुस्तकात नसते. जानेवारी २०११ मध्ये ब्रिस्बेन शहरास महापुराने वेढले, तेव्हा संमेलन थोड्याच दिवसांवर आले होते. कार्यकर्त्यांनी जागा बदलली आणि संमेलन पार पाडले. या संमेलनाची शेवटची दोन अधिवेशने, २०२१ आणि २०२२ ची, महामारीमुळे इंटरनेटवर झाली. २०२३ पासून त्याच संस्थेने निराळ्या नावाने, व्याप वाढवून, नवे संमेलन सुरू केले.

दुसरे उदाहरण ब्रुसेल्सचे. २००१ साली राफाएल बोद्वँ यांनी तेथील विद्यापीठात जे संमेलन सुरू केले, ते आज फॉस्डेम म्हणून सर्वत्र ओळखले जाते. ते हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या सुमारास, शनिवार-रविवारी भरते. त्यास प्रवेशमूल्य नाही. नोंदणीही नाही, दार उघडे, यावे आणि बसावे. त्यामुळे नेमकी किती माणसे आली, हे आयोजकांनाही मोजून सांगता येत नाही. हजारांच्या अंदाजावर भागवावे लागते. खोल्या भरतात, दारावर जागा नसल्याची पाटी लागते, आणि नावाजलेले पाहुणेही बाहेर उभे राहतात. एवढा व्याप मूठभर स्वयंसेवकांस झेपतो कसा? यातले मर्म असे की, ते कार्यक्रम ठरवतच नाहीत, निदान सगळा तर नाहीच. विद्यापीठातल्या खोल्या ते निरनिराळ्या मंडळांस वाटून देतात. त्या खोलीत वक्ता कोण आणावा, वेळ कशी पाळावी, हे त्या त्या मंडळाने पाहावयाचे. ऑस्ट्रेलियाने काम वर्षावर्षांत वाटले, ब्रुसेल्सने खोल्याखोल्यांत. पण वाटले दोघांनीही.

आपल्या देशातही ही हवा लवकर आली. १९९६ साली अतुल चिटणीस यांच्या खटपटीने पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकासोबत लिनक्सची तबकडी वाचकांच्या घरी पोहोचली. इंटरनेट दुर्मिळ होते त्या काळी हे मोठेच काम झाले. २००१ साली बंगळूरमध्ये चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्स बंगलोर हे संमेलन सुरू केले. २००५ पासून ते फॉस डॉट इन या नावाने भरू लागले. नुसते ऐकण्यापेक्षा तेथे बसून काही करावे, आपण या सॉफ्टवेअरचे केवळ गिऱ्हाईक न राहता कर्ते व्हावे, असा त्यांचा पुढे पुढे आग्रह होता. २०१२ नंतर हे संमेलन भरले नाही. २०१३ साली चिटणीस वारले. पुण्यासही सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नूनिफाय नावाचा मेळावा विद्यार्थ्यांच्या हातून भरत आला, आणि २०११ साली पायथन या भाषेचे अखिल भारतीय संमेलन पुण्यात झाले. डेबियनचे जागतिक संमेलन २०२३ साली कोचीस भरले, पण ते एकाएकी नव्हे. आदल्या वर्षी पालक्काड येथे तेथल्या मंडळींनी लहान संमेलन भरवून हात बसवून घेतला होता.

आता थोडे घरचे. आमच्या गावीही अशी एक मासिक बैठक काही वर्षे भरत असे. एक गृहस्थ सारे पाहत: शाळेच्या खोलीची किल्ली आणणे, सतरंजी झटकणे, वायरी जोडणे, चहा सांगणे आणि शेवटी दिवे मालवणे. आम्ही वेळेवर जाऊन पहिल्या रांगेत बसत असू आणि चर्चाही हिरीरीने करीत असू. एके वर्षी त्यांची बदली झाली. निरोपाच्या बैठकीत आम्ही सर्वांनी त्यांची तोंड भरून स्तुती केली. त्यांनी खोलीची किल्ली मेजावर ठेवली आणि ती कोण नेतो, याची ते वाट पाहत राहिले. शेवटी ती शाळेच्या शिपायाने उचलली. पुढल्या महिन्यापासून बैठक भरली नाही. तिच्या बंद पडण्याचा दोष आम्ही पुष्कळ दिवस काळास, इंटरनेटास आणि तरुणांच्या उदासीनतेस देत होतो. खरे पाहता ती किल्ली आमच्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

म्हणून आम्हांस असे वाटते की, गेट्स यांचा जुना प्रश्न सॉफ्टवेअरपुरता नव्हता. मोल न घेता काम कोण करील? सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळाले, कारण तेथे काम थोडथोडे वाटून घेण्याची रीत पडली. जो वापरील त्याने चूक दिसल्यास कळवावी, जमल्यास सुधारावी, आणि सुधारलेले परत सर्वांस द्यावे. संमेलनासही हीच रीत लावली तेथे संमेलन टिकले. सतरंजी झटकण्याचे काम एकाचे आणि ऐकण्याचे काम बाकीच्यांचे, अशी वाटणी झाली तेथे त्या एकाबरोबर संमेलनही गेले. फुकट मिळणारी वस्तू श्रमावाचून मिळते, हा भ्रम जितका सॉफ्टवेअरच्या वापरात घातक, तितकाच सभेच्या श्रोतृवर्गातही.

आज हे व्याख्यान संपल्यावर या मांडवातील खुर्च्या कोणीतरी रचून ठेवील. ते कोण, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? आम्ही स्वतः यापुढे निदान एक रांग उचलूनच घरी जाण्याचे ठरवले आहे.