यमकातले उपाध्यक्ष

निवडणुकीत रिक्षावरचा भोंगा सुरू झाला, की मला १८४०ची अमेरिका आठवते. व्हिग पक्षाचे उमेदवार होते विल्यम हेन्री हॅरिसन. विरोधकांच्या एका वर्तमानपत्राने टोमणा मारला, की या म्हाताऱ्याला पेन्शन आणि सफरचंदाच्या दारूचं एक पिंप द्या, बसेल झोपडीत स्वस्थ. झालं! व्हिगांनी तोच टोमणा उचलला. ओंडक्यांच्या झोपड्या गाड्यांवर चढवून मिरवणुका काढल्या, लोकांना ती दारू पाजली, भलेमोठे गोळे गावोगाव ढकलत नेले. खरं तर हॅरिसन व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यातले. खानावळवाल्याचा मुलगा होता तो त्यांचा प्रतिस्पर्धी, अध्यक्ष व्हॅन ब्युरेन!

व्हिगांनी जाहीरनामाच काढला नव्हता. गाणी मात्र इतकी, की त्यांची पुस्तकं निघाली. सर्वांत गाजलं ‘टिपेकनू अँड टायलर टू’. टिपेकनू ही हॅरिसन यांनी १८११मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांशी केलेली लढाई. आणि टायलर? दक्षिणेकडची मतं मिळावीत म्हणून घेतलेले उपाध्यक्षपदाचे उमेदवार. यमक जुळलं ना, मग त्यांचे विचार काय, हे कशाला कोण विचारतंय!

हॅरिसन जिंकले आणि शपथेनंतर महिन्याभरातच वारले. खुर्ची गेली टायलर यांच्याकडे. पक्षाला हवी असलेल्या राष्ट्रीय बँकेची दोन विधेयकं त्यांनी लागोपाठ फेटाळली. चिडलेल्या व्हिगांनी सप्टेंबर १८४१मध्ये त्यांना पक्षातून काढलं. खुर्चीवरून मात्र काढता आलं नाही. टायलर १८४५पर्यंत तिथेच होते.