वर्ग मांडावा कोणी?

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण साधारणतः आयोग, अभ्यासक्रम, माध्यमभाषा आणि थोर गुरुजन यांचा मागोवा घेतो. विद्यार्थी ज्यावर बसतो ते बाक, प्राध्यापक ज्यावर उभा राहतो तो चौथरा आणि या दोहोंमधली मोकळी जागा यांची नोंद त्या इतिहासात क्वचितच होते. या वस्तू खरेदीखात्याच्या वहीत जातात, शिक्षणविचाराच्या ग्रंथात येत नाहीत. परंतु वर्गात बोलायचे कोणी, ऐकायचे कोणी आणि लिहायचे कोणी, याचा पहिला निर्णय तास सुरू होण्यापूर्वीच लाकडाने आणि लोखंडाने दिलेला असतो. म्हणूनच महाविद्यालये आणि विद्यापीठे नवी आसने, नवे पडदे, नवे प्रक्षेपक घेऊ लागतात, तेव्हा हा निर्णय कोणाला विचारून होतो, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. गेल्या दोनशे वर्षांतील काही प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत भिंतीवरचा फळा नव्हता. मुले मांडी घालून बसत आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. अशाच एका साध्या साधनाने इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात एक वळण आणले. मद्रासच्या अनाथ मुलग्यांच्या आश्रमशाळेची देखरेख १७८९ पासून अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाकडे होती. मलबारी मुले जमिनीवरील वाळूत बोटाने अक्षरे काढून शिकताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणावयाचे ठरवले. शाळेतील पगारी शिक्षकांना ती रुचली नाही. तेव्हा बेलने त्यांना बाजूला सारून आठ वर्षांच्या एका मुलाकडे धाकट्यांना शिकवण्याचे काम दिले. त्यातून मोठ्या विद्यार्थ्याने लहानांस शिकवण्याची ती सुप्रसिद्ध पद्धती निघाली. १७९७ मध्ये बेलने तिचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे ती देशोदेशी गेली. साधन आपल्या मातीतले, त्याचा डंका विलायतेत, हा भाग आपल्याला सुखावणारा आहे. त्यातली दुसरी गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. नवे साधन आणि शिकवणारा यांचे जुळले नाही, तेव्हा चालकाने साधन ठेवले आणि शिकवणाऱ्याला वगळले. हा मोह पुढील दोन शतकांत पुनःपुन्हा दिसतो.

फळ्याची कथा याच्या उलट आहे. तो शिक्षकांच्या गरजेतून मोठा झाला. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथे जॉर्ज बॅरन हे १८०१ च्या सुमारास फळा आणि खडू घेऊन गणित शिकवीत. एडिंबरोच्या रॉयल हायस्कूलचे प्रमुख जेम्स पिलन्स यांनी १८१० नंतरच्या दशकात मोठा फळा आणि रंगीत खडू यांचा उपयोग भूगोलासाठी केला. पुढे १८२० मध्ये ते एडिंबरो विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रत्येक मुलाच्या पाटीवर वेगळे लिहून देण्याऐवजी साऱ्या वर्गाने एकाच वेळी एकच आकृती पाहावी, एवढीच या शोधाची किमया. पण तिने वर्गाची दिशा बदलली. पंतोजींभोवती विखुरलेली मुले आता एका भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

फळा शिक्षकांना रुचला, तरी विद्यार्थ्यांना तो नेहमीच रुचला असे नाही. अमेरिकेतील येल महाविद्यालयात १८३० मध्ये शंकुच्छेदांच्या भूमितीवरून बंड झाले. तोवर विद्यार्थी पुस्तकातील आकृती समोर ठेवून सिद्धान्त स्पष्ट करीत. नव्या नियमाने त्यांनी पुस्तकाचा आधार न घेता आकृती फळ्यावर स्वतः काढावी असे ठरले. विद्यार्थ्यांनी नकार दिला. महाविद्यालयानेही माघार घेतली नाही आणि शहाण्णवांच्या त्या वर्गातील त्रेचाळीस विद्यार्थ्यांना काढून टाकले. फळ्यासमोर उभे राहणे म्हणजे आपले अज्ञान चारचौघांत उघडे करणे होय, हे त्या तरुणांनी ओळखले होते. वर्गातील साधन हे केवळ सोयीचे नसते, त्यात सत्तेचाही भाग असतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाके रांगेने मांडून जमिनीला पक्की ठोकण्याची चाल रूढ झाली. तिचा अर्थ जॉन ड्यूई यांनी एका साध्या अनुभवातून उलगडला. शिकागो विद्यापीठात १८९६ मध्ये त्यांनी प्रयोगशील शाळा काढली. तिच्यासाठी मेजे-खुर्च्या घेण्यास ते दुकानोदुकानी हिंडले, पण मनाजोगते काही मिळेना. अखेर एका दुकानदाराने सांगितले की तुम्हांला मुलांनी काम करावे असे सामान हवे आहे आणि आमच्याकडचे सारे सामान ऐकण्यासाठी बनवलेले आहे. ड्यूईंनी ही हकीकत १८९९ च्या व्याख्यानांत सांगितली. शिक्षणशास्त्रावरील कित्येक जाड ग्रंथांपेक्षा त्या विक्रेत्याला वर्गाचे मर्म अधिक नेमके कळले होते, असे म्हणावेसे वाटते.

विसाव्या शतकात यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर भाकितेही आली. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी चलच्चित्रांमुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत सारी शिक्षणपद्धती पालटेल असे सांगितले होते. तसे झाले नाही. पुढे आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्याविषयीही अशाच आशा बाळगल्या गेल्या. याउलट ज्याच्याविषयी कोणी भाकित केले नाही, असे एक साधन मुकाट्याने टिकले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकी प्रशिक्षणात वापरलेला आणि १९६० च्या दशकात महाविद्यालयांत शिरलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर तो हाच. त्याच्या काचेवर पारदर्शक पत्रक ठेवून लिहिताना प्राध्यापकाला वर्गाकडे पाठ करावी लागत नसे. दिवे मालवावे लागत नसत आणि कोणा तंत्रज्ञाची वाट पाहावी लागत नसे. साधनाची कळ शिकवणाऱ्याच्या हाती राहिली, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण होय.

आपल्या देशातील अनुभव याच दृष्टीने पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम सुरू केले. पुणे, अहमदाबाद, हैदराबाद, इंदूर अशा ठिकाणी निर्मितिकेंद्रे उभी राहिली आणि त्यांतून कितीतरी उत्तम चित्रफिती तयार झाल्या. हेतू उदात्त होता. लहान गावातील विद्यार्थ्यालाही चांगल्या प्राध्यापकाचे व्याख्यान मिळावे, असा तो होता. कॅमेऱ्यासमोर प्राध्यापक होते. पण संच ज्या वर्गात ठेवायचा, तेथील प्राध्यापकाचे वेळापत्रक एक आणि प्रक्षेपणाची ठरलेली घटिका दुसरी. चित्र थांबवता येत नव्हते, शंका विचारता येत नव्हती. पाहणाऱ्या वर्गाच्या शिक्षकाला या योजनेत संच चालू-बंद करण्यापलीकडे फारशी भूमिका उरली नाही.

अलीकडच्या काळातील सर्वांत उद्बोधक प्रयोग भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी केले. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील रॉबर्ट बाइकनर यांनी १९९० च्या दशकात मोठ्या वर्गासाठी वेगळी मांडणी शोधण्यास आरंभ केला. निरनिराळ्या आकारांची मेजे वापरून पाहिल्यावर सात फूट व्यासाचे गोल मेज त्यांना योग्य वाटले. त्याभोवती तिघांचे तीन गट, म्हणजे नऊ विद्यार्थी बसत. मेज याहून लहान असेल तर वह्या आणि उपकरणे मावत नाहीत आणि फार मोठे असेल तर समोरच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. हा हिशेब सामानाच्या छापील सूचीत सापडला नसता. वर्गात फिरून, मुलांचे बोलणे ऐकूनच तो मांडता आला.

मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत म्हणजे एमआयटीत भौतिकशास्त्राची पहिल्या वर्षाची व्याख्याने मोठ्या सभागृहात होत. सत्र संपत येई तोवर उपस्थिती निम्म्याच्या खाली जाई आणि अनुत्तीर्णांचे प्रमाणही चिंता वाटावी इतके होते. तेथील प्राध्यापक जॉन बेल्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाइकनर यांच्या धर्तीवर नवी खोली उभारली. तेरा गोल मेजे, भिंतींवर सभोवार पांढरे फळे आणि पडदे, मधोमध प्राध्यापकाची जागा. खोलीला पुढची बाजू आणि मागची बाजू असा भेदच उरला नाही. २००१ मध्ये प्रायोगिक वर्ग झाला. २००३ च्या वसंतसत्रात विद्युत्-चुंबकत्वाचा संपूर्ण अभ्यासक्रम या पद्धतीने सुरू झाला, आणि त्याच वर्षी दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांनी या पद्धतीविरुद्ध अर्जावर सह्या केल्या.

येलच्या बंडानंतर पावणेदोनशे वर्षांनी हा प्रसंग यावा, हे लक्षणीय आहे. या वेळी मात्र कोणाला काढून टाकले नाही. आरंभीचे काही प्रयोग घाईने घेतले जात होते, गट नीट जुळत नव्हते, आणि नव्याने या वर्गात शिकवू लागलेल्या प्राध्यापकांची पुरेशी तयारी झाली नव्हती, हे प्रवर्तकांनी ध्यानी घेतले. प्रयोगांची संख्या कमी करून त्यांची विषयाशी सांगड घालण्यात आली आणि शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे अधिक लक्ष दिले गेले. विद्यार्थ्यांच्या संकल्पनात्मक आकलनातील वाढ जुन्या व्याख्यानपद्धतीच्या जवळजवळ दुप्पट भरली. पुढील काही वर्षांत अनुत्तीर्णांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हे सारे श्रीमंत देशांचे चोचले, आमच्या शंभर-सव्वाशेच्या वर्गाला गोल मेजे कोठून परवडणार? आक्षेप खोटा नाही. गोल मेजाला रांगेतील बाकांपेक्षा जागा पुष्कळ लागते. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून पक्क्या ठोकलेल्या आसनांच्या सभागृहातच वेगळा मार्ग काढला. एक प्रश्न विचारावा, प्रत्येकाने आपले उत्तर ठरवावे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यावे. एकही खुर्ची न हलवता तो वर्ग बोलू लागला. सामान बदलल्यानेच शिक्षण बदलते, या समजुतीवर हा चांगला उतारा आहे.

तथापि सामान गौण आहे, असाही निष्कर्ष यातून निघत नाही. मिनेसोटा विद्यापीठात २००८ मध्ये एकाच प्राध्यापकाने एकच विषय दोन खोल्यांत शिकवला. एक खोली जुन्या रांगांची, दुसरी गोल मेजांची. दोन्हीकडे शिकवणे सारखेच ठेवण्याचा त्याचा कटाक्ष होता. गोल मेजांच्या खोलीतील विद्यार्थ्यांनी त्यांच्या पूर्वीच्या गुणांवरून अपेक्षा करावी त्याहून अधिक यश मिळवले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट निरीक्षकांच्या टिपणांत निघाली. रांगांच्या खोलीत तोच प्राध्यापक अधिक वेळ व्याख्यान देत होता. गोल मेजांच्या खोलीत तो अधिक फिरत होता, मुलांपाशी थांबत होता. खोलीने त्याच्या नकळत त्याला वळवले होते.

खोली शिकवणाऱ्याला इतकी वळवू शकत असेल, तर खोली ठरवताना त्याला न विचारणे हा शिक्षणावरचाच अन्याय ठरतो. आपल्याकडे पुष्कळदा प्रथम अनुदान येते, मग दरपत्रके मागवली जातात, मग संच बसतो आणि सर्वांत शेवटी प्राध्यापकाला त्याची कळ दाखवली जाते. हा क्रम उलटा व्हावयास हवा. रसायनशास्त्राला फळा मोठा हवा, कवितेच्या तासाला मुलांचे चेहरे एकमेकांना दिसावे लागतात, इतिहासाला नकाशा आणि कागदपत्र शेजारी-शेजारी दाखवता यावे लागते. खाली सोडलेल्या पडद्याने फळा झाकला, तर दोन्हींपैकी एक साधन वाया जाते. खिडकीची तिरीप, पंख्यांचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत न पोचणारे शब्द या बाबी रोज तेथे उभा राहणारा आणि रोज तेथे बसणारा सांगू शकतो. त्यांना विचारण्यास पैसा लागत नाही. एखाद्या महाविद्यालयाने साठ खोल्यांचे एकदम नूतनीकरण करण्यापूर्वी एकच खोली सत्रभर वापरून पाहावी, निरनिराळ्या विषयांच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी तिच्याविषयी लेखी अभिप्राय द्यावा आणि मगच मागणीपत्रावर सही व्हावी, एवढे तरी सहज शक्य आहे.

शिक्षकांचे मत घेतले की सारे सुरळीत होते, असा दावा आम्ही करणार नाही. मद्रासच्या शिक्षकांनी वाळूला केलेला विरोध आज आपल्याला पटत नाही. नव्याला नकार देण्याची सवय व्यासंगी माणसांतही असते. पण विचारलेल्या माणसाचा नकार चर्चेत येतो, तपासता येतो, प्रसंगी बदलता येतो. न विचारलेल्याचा नकार कुलूप लावलेल्या कपाटात, प्लास्टिकच्या आवरणाखाली नव्याकोऱ्या यंत्राच्या रूपाने पडून राहतो. ड्यूईंच्या त्या दुकानदाराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जो भेद दाखवला, तो प्रत्येक खरेदीपूर्वी खुल्या बैठकीत विचारला जावा. हे सामान मुलांनी ऐकण्यासाठी आहे की काम करण्यासाठी? त्या बैठकीत शिकवणारे आणि शिकणारे दोघेही हजर असावेत, इतकेच आमचे मागणे आहे.