'परकी' डिस्क आणि न वाचलेले रुमाल

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. एक पेणला शिकवतो, दुसरा रोह्याला. २००४-०५च्या सुमारास, दोघेही नोकरीत नवे असताना, आम्ही विद्यार्थ्यांकरवी या दोन तालुक्यांतल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. वह्यांतला मजकूर विभागाच्या संगणकावर उतरवून घेतला. वह्या पुढे एका पावसाळ्यात कपाटातल्या ओलीने गेल्या आणि काही वर्षांनी तो संगणकही बंद पडला. त्यातली ४० जीबीची हार्ड डिस्क तेवढी कुणीतरी काढून, जुन्या सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक आजीबाई आता हयात नाहीत. तेव्हा गेल्या वर्षी ती डिस्क एका जुन्या पण चालू संगणकात 'दुसरी डिस्क' म्हणून बसवायचे ठरले. डिस्क फिरू लागली, तिचा बारीक घुमणारा आवाजही ऐकू आला. पण संगणकाला तिचा पत्ताच नव्हता.

या प्रसंगातून जो इतिहास आम्हाला शोधावा लागला, तो साहित्याच्या अभ्यासकांनाही उपयोगी वाटेल असे वाटते. वस्तू समोर आहे, तिच्यात मजकूर आहे, तरी समोरचा तिला ओळखत नाही, हे कसे घडते? आणि न ओळखलेल्या गोष्टीचे पुढे काय केले जाते?

आरंभ रोह्याशी नाते असलेल्या एका व्यक्तीपासून करता येतो. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाड तालुक्यातील नाते या गावी झाला. त्यांचे बालपण मुख्यतः रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री आणि 'मेघदूता'चे मराठी पद्यानुवादक म्हणून ते आपल्याला परिचित आहेत. ते १९४५ ते १९६४ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षही होते, हे तितकेसे लक्षात राहत नाही. याच संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५५ साली इंग्लंडहून 'एचईसी-२एम' हा संगणक आला. भारतातला हा पहिला अंकीय संगणक मानला जातो. त्याची स्मृती एका फिरत्या चुंबकीय पिंपावर साठवलेली असे आणि तिच्यात १०२४ 'शब्द' मावत. येथे शब्द म्हणजे अंकांचा एक ठरावीक गट. फिरत्या पृष्ठभागावर चुंबकीय खुणा उमटवून ठेवायच्या आणि पुन्हा वाचायच्या, ही हार्ड डिस्कमागची मूळ कल्पना त्या पिंपातच आहे. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, आयबीएमने 'रॅमॅक ३०५' हा संगणक आणला. त्याला जोडलेल्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. हार्ड डिस्कचा इतिहास रूढार्थाने येथून सुरू होतो.

अशा यंत्रांत ओळखीचा प्रश्न फारसा नव्हता. संगणक आणि त्याची साठवण एकाच घरात घडलेली, एकमेकांसाठीच केलेली असे. घरच्या माणसाला कोणी नाव-गाव विचारत नाही. एकाने घडवलेली तबकडी दुसऱ्याने घडवलेल्या यंत्रात बसवायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, आणि ही वेळ व्यक्तिगत संगणकाने आणली. १९८३ साली आयबीएमच्या 'पीसी एक्सटी'मध्ये १० एमबीची हार्ड डिस्क बसवून येऊ लागली. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे आधीच फ्लॉपींना दिलेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला 'सी' आले. फ्लॉपी नाहीशा झाल्या तरी हा क्रम अजून टिकून आहे. भाषेतल्या लुप्त प्रत्ययाची खूण शब्दात राहावी, तसाच हा प्रकार.

१९८४च्या 'पीसी एटी'मध्ये बायोस नावाच्या मूळ आज्ञावलीत डिस्कच्या मोजक्या प्रकारांची एक यादीच कोरलेली होती. आपली डिस्क यादीतल्या कोणत्या प्रकारात बसते ते वापरणाऱ्याने सांगायचे; यादीत नसेल तर पंचाईत. पुढे डिस्क स्वतःची ओळख स्वतः सांगू लागली. संगणकाने विचारणा करताच ती ५१२ बाइटांचे एक निवेदन पाठवते आणि त्यात तिचे नाव, अनुक्रमांक, क्षमता अशी माहिती असते. पण सांगणाऱ्याने सांगितले तरी ऐकणाऱ्याच्या समजुतीला मर्यादा असतेच. संगणक आणि डिस्क यांच्यातले संकेत जुळवताना एके काळी ५२८ एमबीच्या पलीकडे मोजताच येत नसे. पुढे क्रमांक लिहायला २८ स्थाने ठेवली गेली, तेव्हा मर्यादा १३७ जीबीवर आली. त्याहून मोठी डिस्क जुन्या संगणकाला जोडली, तर पुष्कळदा तो १३७ जीबीच पाहत असे. उरलेला भाग त्याच्या लेखी नव्हताच. १९८३पासून चालत आलेल्या विभागणीच्या कोष्टकाची मर्यादा सुमारे २.२ टीबीची आहे. यातली प्रत्येक मर्यादा म्हणजे 'यापेक्षा जास्त कोणाला लागणार?' असा त्या त्या काळातला एक अंदाज होता. तो चुकला की नवी वस्तू जुन्या यंत्राला अंशतः दिसे किंवा मुळीच दिसत नसे.

आमची अडचण आधी याहून साधी निघाली. त्या काळच्या रुंद, चपट्या केबलवर दोन डिस्क जोडता येत. त्यांतली एक 'मास्टर' आणि दुसरी 'स्लेव्ह', म्हणजे मालक आणि गुलाम, हे डिस्कच्या पाठीवरची जम्पर नावाची इवलीशी टोपी कोणत्या दोन पिनांवर बसवली आहे यावरून ठरे. आमच्या दोन्ही डिस्क आपापल्या घरी मालक होत्या. एका केबलवर दोन मालक आले की हाक मारल्यावर दोघेही एकदम ओ देतात आणि संगणकाचा गोंधळ उडतो. या शब्दांच्या जोडीवर २००३ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परगण्याच्या प्रशासनाने आक्षेप घेतला आणि पुरवठादारांना त्या वापरू नयेत असे कळवले. तंत्रज्ञांनी त्याची थट्टा केली, पण गुलामगिरीचा इतिहास जगलेल्या समाजाला ती जोडी निव्वळ तांत्रिक वाटली नाही, यात नवल नाही. त्याच सुमारास आलेल्या 'साटा' पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल मिळाली आणि यंत्रापुरता तो वाद मिटला. असो. दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने चिमट्याने जम्पर हलवला आणि बायोसच्या पडद्यावर दुसऱ्या डिस्कचे नाव उमटले.

आम्हाला वाटले, काम झाले. पण बायोसने ओळखणे वेगळे आणि वर चालणाऱ्या प्रणालीने ओळखणे वेगळे. नव्याकोऱ्या डिस्कची गत पेणच्या कारखान्यातल्या गणेशमूर्तीसारखी असते. मूर्ती घडली, रंगली, डोळ्यांची आखणीही झाली, तरी घरी नेऊन प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत तिची पूजा होत नाही. नवी डिस्कही जोडल्याबरोबर वापरता येत नाही. तिच्यावर आधी ओळखीची खूण लिहावी लागते, मग तिचे भाग पाडायचे, ते फॉरमॅट करायचे आणि त्यांना अक्षर द्यायचे. हे विधी नव्या डिस्कसाठी योग्यच आहेत. धोका आहे तो जुन्या, भरलेल्या डिस्कला चुकून नवी समजण्यात.

आमच्या डिस्कवर पडद्यावर शब्द उमटला 'फॉरिन', म्हणजे परकी. ती पूर्वी कोणीतरी 'डायनॅमिक' प्रकारची करून ठेवली होती. विंडोज २०००पासून आलेल्या या प्रकारात डिस्क आपण कोणत्या गटातली आहोत याची नोंद स्वतःच्या पोटात बाळगते, आणि तो गट मूळ संगणकाचा असतो. संगणक केव्हाच भंगारात गेला होता. डिस्क मात्र अजून त्याचेच नाव सांगत होती. नव्या संगणकाने म्हणूनच तिला परकी ठरवले. त्यावर उजवी कळ दाबली की पर्याय येतात. एक, परकी डिस्क आपल्यात सामावून घेण्याचा. दुसरा, तिला 'बेसिक', म्हणजे साधी करण्याचा. दुसऱ्या पर्यायाने डिस्क लगेच ओळखीची होते, पण तिच्यावरची विभागणी जाते आणि मजकुराची वाट बंद होते. तरुणाचा हात दुसऱ्या पर्यायावर गेला होता. "सर, हिच्यात काही दिसत नाही. साधी करून टाकतो, मग छान चालेल," तो म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता. आमच्यापैकी एकाने त्याचा हात धरला.

'काही दिसत नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा त्या क्षणी किती सहजपणे होत होता! इतिहासाच्या अभ्यासकाला हे वाक्य नवे नाही. मराठी दफ्तरेही अशीच सुती रुमालांत बांधून ठेवलेली असत. त्या बांधणीलाच 'रुमाल' म्हणत. त्यांतला मजकूर मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळा-कचेऱ्यांतून नाहीशी झाली, आणि पुढच्या पिढीला घरातले रुमाल म्हणजे जागा अडवणारे जुने कागद वाटू लागले. कागद शाबूत होते, शाई शाबूत होती; वाचणारा गेला होता. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद मिळवले आणि १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, म्हणून त्यातले काही आपल्यापर्यंत आले. बाकी रद्दीत, बंबात किंवा वाळवीच्या तोंडी गेले. टाकणाऱ्यांतही वाईट हेतू क्वचितच असेल. त्यांनीही घर 'साधे' केले, इतकेच.

आमची डिस्क सामावून घेतली गेली आणि तिला अक्षर मिळाले. फाइलींची नावे दिसू लागली. पण फाइल उघडताच पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग! ओळखीची अजून एक पायरी शिल्लक होती. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले असले, तरी मराठी टंकलेखन त्यानंतर बरीच वर्षे निरनिराळ्या फॉन्टांवर चालत होते. त्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात रोमन चिन्हेच. विशिष्ट फॉन्टचा चष्मा लावला की ती 'क' किंवा वेलांटी दिसतात. चष्मा हरवला की ओवी हरवली. तो फॉन्ट एका जुन्या सीडीवर सापडला, म्हणून बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये आणता आला. जोडाक्षरे आणि रफार पुष्कळ ठिकाणी हाताने दुरुस्त करावे लागले. काही फाइली डिस्कच्या खराब झालेल्या भागात होत्या, त्या गेल्याच.

आपण साहित्याचे लोक 'जतन' हा शब्द वापरतो तेव्हा वस्तू सांभाळण्यापुरताच विचार करतो. डिस्क फडक्यात होती, रुमाल कपाटात होते. वस्तू दोन्हीकडे सांभाळलेल्याच होत्या. सुटली होती ती ओळखीची साखळी, आणि ती जागोजाग सुटू शकते: केबल, जम्पर, विभागणी, फॉन्ट, लिपी. आता नव्या मदरबोर्डांवर त्या रुंद केबलची जागाही उरलेली नाही. आणखी दहा वर्षे थांबलो असतो तर हे काम कितीतरी अवघड झाले असते.

ओव्यांच्या आता तीन प्रती केल्या आहेत: एक पेणला, एक रोह्याला आणि एक कागदावर छापून. प्रत्येक प्रतीच्या आरंभी एक पान जोडले आहे. मजकूर मूळ कोणत्या फॉन्टमध्ये होता, कोणत्या साली युनिकोडमध्ये आणला, कोणती ओवी कोणत्या गावची, कोणत्या फाइली वाचता आल्या नाहीत, हे सारे त्यात नोंदवले आहे. जुनी डिस्क पुन्हा त्याच फडक्यात बांधून कपाटात ठेवली आहे आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'हिच्यात मजकूर आहे.'