न्यूयॉर्कमधील बिऱ्हाड

सन १९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती होती. परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठातील त्यांच्या व्यासंगाविषयी पुष्कळ लिहिले जाते, ते योग्यच. मला मात्र त्यांचे बिऱ्हाड अधिक लक्षणीय वाटते. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील अन्न रुचेना, म्हणून हिंदी विद्यार्थ्यांच्या क्लबात गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. हा स्नेह जन्मभर टिकला. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे.

सन १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यास आले, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो उतरावे कोठे हाच. हिंदू खानावळीत जात विचारली गेली असती. पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी दंडुके घेतलेल्या मंडळींनी त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री नवाला होती. तोवरचे पाच तास त्यांनी श्रीमंतांनीच लावलेल्या कमाटी बागेत बसून काढले.