पर्यायी संगणक केंद्राचे अंतर : मुंबईचा अनुभव आणि नागपूरचे स्थान

ठरलेल्या वेळी व ठरलेल्या क्रमाने चालणारी कामे हा संगणकीय व्यवहाराचा कणा होय. व्याजाची आकारणी, सौदापूर्ती, जोखमीची मोजणी ही कामे परस्परांवर अवलंबून असतात. मूळ केंद्र बंद पडल्यास केवळ माहितीची प्रत पुरेशी ठरत नाही. कोणते काम पूर्ण झाले व कोणते अर्धवट राहिले, याची नोंदही पर्यायी केंद्रावर असावी लागते. अन्यथा एकच व्याज दोनदा जमा होण्याचा संभव असतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. संपूर्ण शहरच ठप्प झाल्यास त्याच शहरातील दुसऱ्या केंद्राचा उपयोग काय, हा प्रश्न त्या दिवसाने उभा केला.

या संदर्भात राष्ट्रीय शेअर बाजाराचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्याचे मूळ केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, निकटचे पर्यायी केंद्र कुर्ल्यात आणि दूरचे चेन्नईत होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-कुर्ला संकुल व कुर्ला यांमधील दूरसंचार जोडण्या खंडित झाल्या. जोडण्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. परंतु रस्त्यावरील खोदकामाने दोहोंनाही बाधा आली. त्यातून साठवण यंत्रणा कोलमडली आणि समाशोधन संस्थेची जोखीम-व्यवस्थापन प्रणाली बंद पडली. सकाळी ११.४० ला थांबलेले व्यवहार दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. कामकाज चेन्नईस मात्र हलविण्यात आले नाही.

येथे एक तांत्रिक विरोध लक्षात घ्यावा लागतो. एकही नोंद गमवायची नसेल, तर दुसऱ्या केंद्राची पोच आल्याशिवाय नोंद पूर्ण मानता येत नाही. म्हणून ते केंद्र जवळ हवे. जवळ असले की संकटही सामाईक होते. दूरच्या केंद्रावर प्रत काहीशी मागे राहते. तिकडे जायचे म्हणजे त्या फरकाचा हिशेब लावणे आले, आणि हा निर्णय यंत्राचा नसून माणसांचा असतो. सेबीने २२ मार्च २०२१ रोजी नेमका हाच निर्णय वेळेत बांधला : ३० मिनिटांत आपत्ती घोषित करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे. २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजाराने विशेष सत्र घेऊन पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार चालविले.

पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात, ते न जमल्यास किमान ५०० किलोमीटर दूर असावे, असा सेबीचा दंडक आहे. मुंबईच्या संदर्भात नागपूर दोन्ही कसोट्यांवर उतरते. रेल्वेमार्गाने हे अंतर ८३७ किलोमीटर असून, २००२ च्या भारतीय मानकानुसार मुंबई तिसऱ्या, तर नागपूर दुसऱ्या क्षेत्रात मोडते. तथापि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. नागपुरात अशा केंद्रासाठी जागा निवडताना भूकंपाच्या नकाशाइतकीच नाग नदीची पूररेषा पाहणे भाग आहे.