राजाचे नाणे आणि खरे नाणे

स्पॅनिश भाषेत 'रेआल' असा एक शब्द आहे. राजाचे ते रेआल, आणि खरे ते देखील रेआलच. ऐकणाऱ्यास वाटावे, राजा म्हणेल ते खरे मानणाऱ्या कोणा भोळ्या प्रजेने हा शब्द घडवला असेल. पण तसे नाही. ही दोन निराळ्या लॅटिन घराण्यांतली लेकरे. एकाच्या मुळाशी 'रेक्स' म्हणजे राजा, आपल्या 'राजन्'चा दूरचा भाऊबंद. दुसऱ्याच्या मुळाशी 'रेस' म्हणजे वस्तू. बोलता बोलता झिजून दोघांचे रूप एक झाले. त्यांत अरबीतून आलेला तिसरा मिसळला, त्याचा अर्थ सैन्याचा तळ. सेव्हिल शहरातल्या जत्रेच्या मैदानाला आजही रेआल म्हणतात. माद्रिदच्या ज्या फुटबॉल संघाला आपली मुले इंग्रजी थाटात 'रिअल' म्हणतात, तिथे मात्र अर्थ 'राजाचा' एवढाच. तेराव्या आल्फोन्सोने १९२० साली दिलेला तो किताब आहे.

चौथा अर्थ चांदीचा. चौदाव्या शतकात कास्तीलच्या पहिल्या पेद्रो राजाने चांदीचे नाणे पाडले, तेही राजाचे म्हणून रेआल. पुढे आठ रेआलांचे एक मोठे नाणे निघाले, सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक भरणारे, आणि ते जगभर चालले.

त्यासाठी चांदी कुठून आली? आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ साली तिचा शोध लागला. सुमारे तेरा हजार फूट उंचीवरचे ते गाव. १५७० नंतर व्हाइसरॉय तोलेदोने तिथे वेठ बसवली : दर वर्षी गावोगावचे साडेतेरा हजारांच्या आसपास मूळ रहिवासी बायकापोरांसह डोंगर चढून यायचे. पुष्कळ जण परतले नाहीत.

अशा घामाच्या चांदीतही तिथल्या टांकसाळीत तांबे मिसळले जाऊ लागले. बाजारात बोभाटा झाला, पोतोसीचे नाणे कोणी घेईना. राजाने नेस्तारेस मारिन नावाचा कडक अंमलदार चौकशीस पाठवला. चांदीचा बडा व्यापारी गोमेस दे ला रोचा आणि टांकसाळीचा पारखी रामिरेस दे आरेयानो, दोघांनाही देहान्त शिक्षा झाली. १६५२ पासून नाण्यांवर समुद्राच्या लाटा आणि दोन खांब असा नवा छाप आला.

ही नाणी आपल्याकडेही येत. युरोपच्या कंपन्यांना इथले कापड हवे होते, पण त्यांच्या मालाला इथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. तेव्हा किंमत चांदीने मोजावी लागे. सुरतेस मोगल टांकसाळीत रेआल वितळवले जात व त्यांचे रुपये पडत. सराफाला छापाशी कर्तव्य नव्हते. तो कस पाही आणि वजन करी. पोतोसीच्या चौकशीहून ही रीत मला अधिक शहाणपणाची वाटते.

कारण पुढची गोष्ट अशी. १७७२ साली तिसऱ्या कार्लोस राजाने जाहीर हुकूम काढला, की जुनी नाणी परत घेऊन राजाच्या मुखवट्याची नवी पाडावीत. सोबत एक गुप्त हुकूम होता : नव्या नाण्यांत चांदी थोडी कमी घालावी. १७८६ साली तेच पुन्हा झाले. रोचाची लबाडी मोठी होती, राजाची लहान, हे खरे. पण एकाला फास मिळाला आणि दुसऱ्याचा मुखवटा नाण्यावर आला. शंभरांत नव्वदाच्या आसपास चांदी उरली तरी नाणे चालत राहिले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ते १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते.

स्पेनने १८६४ साली रेआलचा हिशेब मोडला. गोव्यात मात्र पोर्तुगीज भावंड पुढेही नांदले. तिथल्या जुन्या हिशेबातले 'रेइस' म्हणजे पोर्तुगीज रेआलचेच अनेकवचन. आणि अरबांनी हा शब्द 'रियाल' म्हणून कधीच उचलला होता. इराण, ओमान, सौदी अरेबिया, कतार, येमेन या देशांत तो अजून चालतो. कोकणातल्या कित्येक घरांत मस्कतहून येणारे पैसे रियालात मिळवलेले असतात. इथे पोचताना त्यांचे रुपये होतात, सुरतेच्या चांदीसारखेच.